मदत हवी आहे: ‘हॅगल’ (haggle, भावात घासाघीस करणं) कुठे शोभतं, कुठे नाही?

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांसाठी बाजारावरचा इंग्रजी संवाद लिहितेय. मंडईत बाई मेथीची जुडी उलटीपालटी करून बघते, वीस सांगितले की पंधराला मागते. इथे ‘हॅगल’ चपखल बसतं. माणसाला ‘विथ’, किमतीला ‘ओव्हर’: ‘शी हॅगल्ड विथ द व्हेंडर ओव्हर द प्राइस’. मुलं हमखास ‘हॅगल्ड द व्हेंडर’ लिहितात, ते चूक. इथवर पक्कं आहे. अडलंय ते पुढे. या क्रियापदाचा जुना अर्थ वेडंवाकडं कापणं, आणि मला त्यात अजूनही घासाघिशीची चिकाटी ऐकू येते. ‘बार्गेन’ त्यामानाने सौम्य. मग पगाराच्या बोलणीला ‘हॅगल’ म्हटलं तर हिणवल्यासारखं वाटेल का? तिथे ‘निगोशिएट’च बरं ना? इंग्रजी मुलखात राहणाऱ्यांनी कृपया रोजच्या बोलण्यातली एकदोन वाक्यं द्यावीत.