मदत हवी आहे: स्प्रिंटचं काम दर वेळी एक तृतीयांश उरतं, मॅनेजर म्हणून हिशेब कुठे चुकतोय?

नवा_मॅनेजर
नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेक लीडचा मॅनेजर होऊन तीन महिने झाले. टीम ९ जणांची, त्यात दोघे नवे. स्प्रिंट, म्हणजे ठरवलेलं काम संपवायचा टप्पा, दोन आठवड्यांचा; क्लायंट न्यूयॉर्कचा. ९ जणांचे १० दिवस म्हणजे ९०. रजा-मीटिंगा धरून मी ६० दिवसांचंच काम उचलतो, तरी होतं ४०च्या आसपास. उरलेलं रात्री स्वतः बसून संपवतो. क्लायंटचा कॉल संध्याकाळी साडेसातचा होता, नोव्हेंबरपासून साडेआठला गेलाय. त्यात अप्रेझल तोंडावर. आधी काय धरू?

घणसोली_लोकल
६० हा आकडा अंदाजाने काढलाय. वजाबाकी क्रमाने करा. ९० मधून २५ डिसेंबरची सुट्टी गेली की ८१. मंजूर रजा ४ दिवस धरल्या तर ७७. प्रॉडक्शन सपोर्टला (चालू सिस्टिमच्या तक्रारी सोडवायला) पाळीपाळीने एक जण बसतच असेल, त्याचे ९ दिवस सरळ काढा. 'मधल्या वेळात छोटं काम करेल' हे होत नसतं, तिकीट, म्हणजे तक्रार, आलं की हातातलं सुटतं. राहिले ६८. दोघा नव्यांचे १८ दिवस अर्धेच धरा, ५९. आता त्याला ७० टक्के लावा. डेली, प्लॅनिंग, डेमो, कोड रिव्ह्यू आणि दुसऱ्या टीमच्या उत्तराची वाट बघणं, हे दिवसातूनच जातं. आले ४१. तुमचे ४० होतायत, म्हणजे टीमला बोल लावायचं कारण नाही. हे ७० टक्केही डोळे मिटून घेऊ नका, मागच्या तीन स्प्रिंटांवरून आपल्या टीमचं प्रमाण काढा.

रात्री बसणं मात्र आजपासून बंद. तुम्ही संपवलेलं टीमच्या नावावर जमा होतं, क्लायंटला ६० झालेले दिसतात आणि पुढच्या वेळी तो ६५ मागतो. कोडची हौस असेल तर रिव्ह्यू करा, एखादं टूल लिहा. ज्यावाचून रिलीज अडेल असं काम मॅनेजरने अंगावर घेऊ नये.

गणपतीचं आत्ताच लिहून ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे कोकणात जाणाऱ्यांच्या तारखा तेव्हाच ठरतात. त्याच आठवड्यात विचारा. रजेचा अर्ज यायची वाट बघितलीत तर स्प्रिंट बसलाच.

खाडीपलीकडे
कॉलचं कारण घड्याळ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. मीटिंग त्यांच्या सकाळच्या १० ला लावलेली आहे, म्हणून आपल्याकडे साडेसातचे साडेआठ झाले. त्यांच्या साडेआठला मागा: हिवाळ्यात आपले ७, उन्हाळ्यात ६. कॉल आटोपून लोकांना ठाण्याला गाडी बदलून डोंबिवली-बदलापूर गाठायचं असतं. शिवाय रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर थांबवायचं तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची सोयही करावी लागते. क्लायंटला हे स्पष्ट सांगा, समजतं त्यांना.

अप्रेझल: बेल कर्व्ह (वरच्या, मधल्या, खालच्या रेटिंगचं आधीच ठरलेलं प्रमाण) बहुधा तुमच्या ९ जणांवर बसवत नाहीत, तो अनेक टीम एकत्र करून बसवतात. त्या खोलीत 'खूप मेहनती आहे' याला शून्य किंमत. 'रात्रीचा बॅच जॉब ४ तासांवरून ५० मिनिटांवर आणला' याला आहे. माणशी दर पंधरवड्याला तारखेसह एक ओळ लिहा. सगळ्यात जास्त नुकसान सपोर्टवाल्याचं होतं: काही बंद पडलं नाही की त्याच्या नावावर दाखवायला काही उरत नाही. त्याची बंद केलेली तिकिटं, आणि पुन्हा न उघडलेली किती, हे वेगळं मोजा.

नवा_मॅनेजर
४१ पाहून हसूच आलं. पण ६० वरून एकदम ४१ वर आलो तर क्लायंट भडकेल. आणि एक-एकाशी बोलायला वेळ कुठून आणू?

घणसोली_लोकल
एकदम उतरू नका. ४१ दिवसांचं काम नक्की म्हणून द्या, पुढचं १० दिवसांचं 'जमलं तर' म्हणून वेगळं, आणि प्राधान्य त्यांनाच लावायला सांगा. वजाबाकीचा तक्ता सोबत जोडा, वाद तिथेच थांबतो.

बोलण्याचं गणित सोपं आहे. पंधरवड्याला माणशी अर्धा तास, म्हणजे साडेचार तास. कामाची स्थिती तिथे विचारू नका, ती बोर्डावर दिसते. राजीनाम्याचा, ९० दिवसांच्या नोटिशीचा मेल येण्याआधी माणूस काय म्हणतोय ते या अर्ध्या तासात कळतं. मंगळवार-बुधवार सकाळ ठेवा. शुक्रवारच्या मीटिंगा पहिल्या रद्द होतात.