शब्दचर्चा : 'होमर', 'कॉल', 'प्ले-बाय-प्ले' यांना मराठीत काय म्हणावं?

वेलांटी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या जुन्या रेडिओ निवेदकांवर मराठीत लेख तयार होतोय. जॉर्जियाचे लॅरी मन्सन, टेनेसीचे जॉन वॉर्ड, मिसिसिपी स्टेटचे जॅक क्रिस्टिल, मिशिगनचे बॉब यूफर आणि ऑबर्नचे रॉड ब्रॅम्बलेट ही मंडळी त्यात आहेत. तिथले चाहते 'आमचा भारी की तुमचा' यावरून हमरीतुमरीवर येतात, आणि नेमके त्या भांडणातलेच शब्द मराठीत बसत नाहीयेत : अनाउन्सर, प्ले-बाय-प्ले (खेळ घडताना सांगणारा) आणि कलर (शेजारी बसून त्यावर बोलणारा) ही जोडी, होमर, कॉल. 'उद्घोषक', 'रंग समालोचक', 'पक्षपाती', 'पुकारा' हे शब्दकोशी पर्याय लावले की वाक्यं वाचवत नाहीत. काय वापरावं?

रेडिओचा_काटा

'उद्घोषक' मुळीच नको. मैदानातल्या लाउडस्पीकरवर बोलणारा माणूस वेगळा. चेंडू कोणी नेला, कोणी पाडलं, आता कितवा डाउन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार खेळ्यांपैकी कितवी), एवढंच तो सांगतो. ऐकणाऱ्यांना खेळ समोर दिसतच असतो. उद्घोषक म्हणायचंच तर त्याला म्हणा. रेडिओवाल्याच्या श्रोत्याला काहीच दिसत नाही. आपल्याकडे आकाशवाणीच्या क्रिकेटमुळे, बाळ ज. पंडितांसारख्यांच्या मराठी कॉमेंटरीमुळे, 'धावतं वर्णन' हा शब्द रुळलेला आहे. तोच घ्या आणि माणसाला 'वर्णनकार' म्हणा.

'समालोचक' मी दुसऱ्या खुर्चीसाठी, म्हणजे कलरवाल्यासाठीही ठेवणार नाही. तिथे 'भाष्यकार' बरा. दोघांच्या कामाची वाटणी घड्याळावर चालते. स्नॅप झाला, म्हणजे मधल्या खेळाडूने चेंडू मागे दिला, की शिट्टी होईपर्यंत पाच-सात सेकंद जातात. ती वर्णनकाराची. मग पुढच्या स्नॅपपर्यंत जास्तीत जास्त 40 सेकंद. त्यातली सुरुवातीची पाच-सहा पुन्हा वर्णनकाराची (कोणी पाडलं, किती यार्ड मिळाले), मधली भाष्यकाराची, आणि संघ रांगेत उभे राहायला लागले की भाष्यकाराने वाक्य अर्धवट टाकून गप्प व्हायचं. भाष्यकार लांबला की स्नॅप हुकतो, आणि श्रोत्याला आधी प्रेक्षकांची आरोळी ऐकू येते, कारण नंतर. वाईट प्रसारणाची ही पहिली खूण.

अडकित्ता

'वर्णनकार' पटतो. पण 'प्ले-बाय-प्ले'ला नुसतं 'धावतं वर्णन' म्हटलं तर 'बाय' हरवतो. क्रिकेटमध्ये आपण 'चेंडूगणिक' म्हणतो, तसं 'खेळीगणिक वर्णन' चालेल का? प्ले म्हणजे खेळी, डाउन म्हणजे डाउनच. डाउनला 'प्रयत्न' म्हटलं की शाळेच्या मार्कशीटचा वास येतो.

रेडिओचा_काटा

खेळीगणिक चालेल. लेखात मात्र त्या वर्णनाचा साचा एकदा उलगडून सांगा, नाहीतर तुलना कळणार नाही. दर स्नॅपआधी ठरलेला क्रम असतो : कितवा डाउन, किती यार्ड हवेत, चेंडू कोणत्या रेषेवर, कोणत्या हॅशवर, मांडणी कशी. मग घड्याळ आणि स्कोअर.

हॅश म्हणजे मैदानावर लांबीच्या दिशेने मारलेल्या तुटक खुणांच्या दोन ओळी. मैदान 160 फूट रुंद. कॉलेजमध्ये या ओळी एकमेकींपासून 40 फुटांवर असतात, व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला 60 फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला 100. 'उजव्या हॅशवर' हे दोन शब्द गाळले तर मोकळी बाजू कोणती, पळणारा कुठे वळेल, हे श्रोत्याला समजतच नाही. व्यावसायिक सामन्यात ते गाळले तरी फारसं बिघडत नाही.

दिशेसाठी एक खास रेडिओचा वाक्प्रयोग आहे. केंटकीचे कॉवूड लेडफर्ड संघ 'रेडिओच्या डायलवर डावीकडून उजवीकडे' चालला आहे असं सांगायचे. मराठीत 'रेडिओच्या काट्यासारखा डावीकडून उजवीकडे' म्हणा, ज्यांनी काटा फिरवलाय त्यांना लगेच कळेल. (माझ्या नावाचा याच्याशी संबंध नाही.)

पीचगावकर

होमरकडे येऊ. होमर म्हणजे आपल्या संघाची बाजू न लपवणारा वर्णनकार. 'पक्षपाती' म्हटलं की पंच डोळ्यांसमोर येतो आणि ती शिवी होते. होमर ही शिवीही असते आणि लाडही, बोलणारा कोणत्या गावचा आहे यावर ठरतं.

मन्सन 1966 ते 2008 जॉर्जियाचे वर्णनकार होते आणि जॉर्जियाला 'आपण' म्हणायचे. 2001 मध्ये टेनेसीच्या मैदानावर जॉर्जियाने शेवटच्या सेकंदांत 26-24 असा सामना काढला, तेव्हाचं त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे : आपण त्यांच्या तोंडावर हॉबनेल बूट ठेवला आणि त्यांचं नाक फोडलं. हॉबनेल म्हणजे तळाला खिळे ठोकलेला जुना शिपाई बूट. 'नालेचा बूट' करू नका, नाल टाचेला असते. इथे सगळा तळ खिळ्यांचा आहे. आणि 'जॉर्जियाने' असंही करू नका. त्या वाक्याचा जीव 'आपण'मध्ये आहे.

अडकित्ता

मग 'भाट' का नको? धन्याचं गुणगान करणारा, आणि ते सगळ्यांना माहीत असलेला.

पीचगावकर

मन्सनला भाट अजिबात लागू होत नाही. भाट कधी 'आपलं काही खरं नाही' म्हणेल का? मन्सनची सगळी खुमारी त्या रडगाण्यात होती. समोरचे किती धिप्पाड, आपला बचाव किती दमलेला, घड्याळ कसं हलत नाही, असं आघाडीवर असतानाही चालायचं. श्रोत्याचा जीव टांगणीला लागायचा तो यामुळे. त्यांची 'हंकर डाउन'ची विनवणी म्हणजे बचावफळीला खाली बसा, पाय रोवा, हटू नका. मराठीत 'पाय रोवून राहा रे' एवढंच पुरे.

भाट हवा असेल तर बॉब यूफर घ्या.

आलेपाक

+१. यूफर (मिशिगन, 1945 ते 1981) भाटाच्या व्याख्येत तंतोतंत. 'मिशिगन' न म्हणता 'मीऽचिगन' म्हणायचे. जुने प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांची ती ढब. शिवाय बूथमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या खोलीत, भोंगा ठेवलेला, दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटन यांच्या जीपचा म्हणून सांगितला जाणारा. टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला की) तीनदा, फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) किंवा सेफ्टीला (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडलं की) दोनदा, टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या किकला एकदा. म्हणजे गाडी धुताना नुसता भोंगा मोजला तरी काय झालं ते कळे. फक्त दोनदा वाजला तर फील्ड गोलचे 3 गुण की सेफ्टीचे 2, ही शंका उरतेच. लेखात भोंग्याला 'हॉर्न' म्हणा, नाहीतर वाचकाला गिरणीचा भोंगा वाटेल.

नॉक्सव्हिलकर

होमरला 'घरचा वर्णनकार' म्हणा, विषय संपला. लाड आणि टोमणा दोन्ही 'घरचा'मध्ये मावतात.

पण सगळे लाडके वर्णनकार घरचे नव्हते, हे लेखात यायला हवं. जॉन वॉर्ड 1968 ते 1998 या हंगामांत टेनेसीचा फुटबॉल सांगत होते. ते टेनेसीला 'टेनेसी'च म्हणत. त्यांची ताकद आकड्यांच्या लयीत होती. पळणारा सुटला की यार्ड मोजत खाली यायचे, आणि शेवटी 'गिव्ह हिम सिक्स!' सहा म्हणजे टचडाउनचे 6 गुण. 'त्याला सहा द्या' हे मराठीत सपाट पडतं आणि क्रिकेटचा षटकार वाटतो, म्हणून मूळ वाक्य देवनागरीत ठेवून एकदा अर्थ सांगावा. सुरुवातीच्या किकचं 'इट्स फुटबॉल टाइम इन टेनेसी!' हेही तसंच. त्यांच्या शेजारी सगळी वर्षं बिल अँडरसन हे माजी खेळाडू भाष्यकार होते. एवढी जुनी जोडी असली की एक थांबला कुठे आणि दुसरा सुरू झाला कुठे, हे कानाला टोचत नाही.

शेवटचं_पान

क्रिस्टिल विसरू नका. 1953 ते 2011 मिसिसिपी स्टेट. सुरुवातीला क्रीडा संचालक डूडी नोबल यांनी त्यांना दिलेली तंबी प्रसिद्ध आहे, तिचा मथितार्थ : स्कोअर किती, चेंडू कोणाकडे, वेळ किती उरला ते सांग, बाकी पाल्हाळ नको. ते त्यांनी अठ्ठावन्न हंगाम पाळलं. अशा माणसाचं एकच नटवं वाक्य, जिंकल्यावर 'मरून आणि पांढऱ्यात गुंडाळून टाका' (हे संघाचे रंग, मरून म्हणजे गडद लाल), म्हणून तर ते चाहत्यांच्या तोंडी राहिलं. रोज भोंगा वाजवणाऱ्याच्या वाक्याला ते वजन येत नाही. (आलेपाक, रागावू नका.) मरूनला 'तपकिरी' करू नका, मरूनच ठेवा.

वेलांटी

'घरचा वर्णनकार' घेतला. आता 'कॉल'. 'मन्सनचा 1980 चा कॉल' यातला. पुकारा, हाक, ललकारी, काहीच जमत नाही.

पीचगावकर

कॉल म्हणजे एका विशिष्ट खेळीचं, त्या क्षणी तोंडून गेलेलं वर्णन. पंचाच्या निर्णयालाही कॉल म्हणतात, त्यामुळे एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर घोळ होणार. निर्णयाला 'निर्णय' म्हणा, याला 'कॉल' राहू द्या.

1980 चा कॉल मराठीत उतरवताना सांभाळायच्या जागा सांगतो. 8 नोव्हेंबर, जॅक्सनव्हिल, समोर फ्लोरिडा, जॉर्जिया एका गुणाने मागे, तिसरा डाउन, स्वतःच्याच गोलरेषेजवळ. बक बेल्यूचा पास लिंडसे स्कॉटला. मग मन्सन : 25, 30, लिंडसे स्कॉट 35, 40, लिंडसे स्कॉट 45, 50, 45, 40, रन लिंडसे, 25, 20, 15, 10, 5, आणि पुढे नुसतं नाव, तीनदा.

आकडे 50 पर्यंत चढतात आणि मग उतरतात. मैदान 100 यार्डांचं, रेषा दोन्ही टोकांकडून मोजतात, म्हणून मधली रेषा 50. उतरता '45' ऐकला की पळणारा समोरच्यांच्या हद्दीत शिरला. अनुवादक इथे हमखास चुकतात : दुसरा 45 छापखान्याची चूक समजून गाळतात किंवा 55, 60 करून टाकतात. 40 नंतर थेट 25 आहे, तेही भरून काढू नका. मधले आकडे 'रन लिंडसे'ने खाल्ले.

आणखी एक. मन्सन चेंडू 8 यार्डांच्या रेषेवर आहे म्हणाले, नोंदीत ती खेळी 93 यार्डांची आहे, म्हणजे 7 वरून. अवतरणात 8, स्वतःच्या वाक्यात 93. दुरुस्ती करायला जाऊ नका. जॉर्जिया 26-21 जिंकलं.

रेडिओचा_काटा

तसंच ब्रॅम्बलेट यांचंही. 30 नोव्हेंबर 2013, ऑबर्न विरुद्ध अलाबामा, 28-28, एक सेकंद शिल्लक, अलाबामाची 57 यार्डांची फील्ड गोलची किक. ती आखूड पडली आणि ख्रिस डेव्हिस ती झेलून थेट समोरच्या गोलरेषेपार पळाला. चाहते 'ऑबर्न्स गॉना विन द फुटबॉल गेम'वर जीव टाकतात. कारागिरी मात्र त्याच्या आधीची आहे. किक होण्यापूर्वीच ब्रॅम्बलेट यांनी सांगितलं होतं की डेव्हिस मागे एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) जाऊन उभा आहे, आणि चेंडू आखूड पडला तर तो झेलून पळू शकतो. त्यामुळे पुढे चेंडू डेव्हिसच्या हातात आला तेव्हा 'हा इथे कुठून आला' असं श्रोत्याला वाटलं नाही. ते वाक्य नसतं तर पहिले 30 यार्ड श्रोता गोंधळलेलाच राहिला असता.

ते पळणं 109 यार्डांचं म्हणून सांगतात, अधिकृत नोंद 100 ची. तुम्ही 109 लिहा आणि नियम एका ओळीत द्या : कॉलेजच्या आकडेवारीत कुठलीही खेळी 100 पेक्षा लांब धरत नाहीत.

अडकित्ता

'स्पॉटर'ला काय? बूथमध्ये वर्णनकाराच्या शेजारी मुका बसलेला असतो तो.

रेडिओचा_काटा

'खुणावणारा'. नाम करायचं असेल तर स्पॉटरच ठेवा. त्याचं काम असं : समोर जाड पुठ्ठ्याचा तक्ता, दर जागेला एक चौकोन, त्यात नंबर ठळक, आडनाव, वर्ष, गाव, आणि खाली राखीव खेळाडू. खेळी संपताच तो पळणाऱ्यावर एक बोट आणि पाडणाऱ्यावर दुसरं ठेवतो. वर्णनकाराने नजर मैदानावरून काढायची ती फक्त त्या दोन बोटांवर.

कॉलेजमध्ये तक्ता बनवणं जास्त किचकट आहे. एकेका संघात शंभरावर खेळाडू, आणि एकाच संघात दोघांना एकच नंबर चालतो. फक्त दोघं एकाच वेळी मैदानात नकोत. एक आक्रमणात, एक बचावात, असं असेल तर निभतं. घोटाळा होतो तो किक परतवण्याच्या वेळी, कारण तिथे दोन्हीकडचे मिसळतात. म्हणून किकच्या तुकड्यांचा तक्ता वेगळा करतात आणि जोडनंबरांना रंगीत खूण लावतात. जोडीतला कोण आत आहे हे स्पॉटरने किकआधी दाखवायचं असतं. नंतर दाखवून उपयोग नाही, तोवर चुकीचं नाव हवेत गेलेलं असतं.

आलेपाक

अवांतर : चाहते टीव्हीचा आवाज बंद करून घरचा वर्णनकार लावतात, त्याला 'रेडिओ जुळवणं' म्हणता येईल. टीव्ही पुढे असेल तर टीव्ही थांबवायचा, किकच्या ठोक्याला सोडायचा. साधा रेडिओ पुढे असेल तर टीव्ही थांबवून अंतर वाढतंच. तेव्हा आवाज मागे ढकलणारं अ‍ॅप किंवा यंत्र लागतं. आणि इंटरनेटवरचं प्रसारण मध्ये तुटून पुन्हा जोडलं गेलं की सगळं नव्याने जुळवा, अंतर बदललेलं असतं.

नॉक्सव्हिलकर

वेलांटी, एक राहिलं. फील्ड गोलच्या वर्णनात 'किक इज अप' आणि 'इट्स गुड' यांच्यामध्ये चेंडू हवेत असेपर्यंत थांबतात. 'किक मारली' आणि 'गोल' असं करू नका, गोल म्हटलं की वाचक सॉकरमध्ये जातो. 'चेंडू वर गेला…' आणि नव्या ओळीवर 'आत!'