मदत हवी आहे : जुन्या पॅटर्नवरून आबांचा शर्ट

नमस्कार मंडळी. १९७० च्या दशकातला परदेशी कागदी पॅटर्न मिळालाय, लांब टोकांच्या कॉलरचा. आबांना तस्साच शर्ट शिवायचाय. इचलकरंजीचं पॉपलिन आणून धुऊन इस्त्री करून ठेवलंय.

पॅटर्न एकाच मापाचा, छाती ३८, आबांची ४२. नुसतं बाजूला वाढवलं तर मुंढा (बाही जोडायचा गोलवा) मोठा होतो, बाही कमी पडते. मग खांद्यापासून खाली उभा कापून उघडायचा का? माया (शिलाईबाहेरचं जादा कापड) सगळीकडं ५/८ इंच धरलीय; कॉलरच्या वळणाला पाव इंच ठेवली तर चालेल ना?

आणि मुख्य म्हणजे, कॉलरला चिकटवायचं बक्रम (आत घालायचं ताठ कापड) घ्यावं की शिवायचं? टोकं ताठ हवीत, पण धुतल्यावर फुगे आलेले अजिबात नकोत. कोल्हापुरात महाद्वार रोड, लक्ष्मीपुरीत चांगलं सुती बक्रम कुठं मिळेल?