पुण्याचं प्लास्टिक आणि समुद्र : तुमचे अनुभव लिहा

पुण्याला समुद्र कुठे आहे, असं म्हणून हा विषय बाजूला टाकला जातो. पण मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी ओलांडून कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. कोकण एवढं जवळ, तरी आपला कचरा वाहतो पूर्वेला. वाटेत बंधाऱ्यांत, शेतांत, उजनीच्या गाळात पुष्कळसा अडकतो, आणि तिथे अडकणंही वाईटच. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर. तरी ओढे भरलेलेच दिसतात. नदीकाठी, शाळेत, सोसायटीत, कोकणात, जिथे तुम्ही या कामाला हात लावलात तिथलं लिहा. जमलेलं आणि अडलेलं, दोन्ही.

विठ्ठलवाडी, नदीकाठ

खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ओसरलं की काठच्या झाडांना पिशव्या लटकलेल्या असतात. त्या काढणं सोपं. कस लागतो तो मातीत. एक टोक वर दिसतं म्हणून ओढावं तर हलत नाही. खुरप्याने उकरत गेलं की खाली साडी, तिच्याखाली पिशवी, पिशवीत गाळ, गाळाखाली पुन्हा पिशवी, आणि गवताची मुळं या सगळ्यातून आरपार गेलेली. उन्हाने विटलेल्या पिशवीचा तर हातातच चुरा होतो. तो वेचता येत नाही. पुढच्या पुरात तोच पाण्याबरोबर निघतो, आणि माशांच्या पोटात जातो तोही हाच. म्हणून आम्ही सगळा जोर पावसाळ्याआधी लावतो. 'जीवितनदी' या संस्थेची मंडळी नदीचा एकेक पट्टा दत्तक घेऊन नियमित काम करतात; आम्ही शिकलो ते त्यांच्याबरोबर फिरून.

कोथरूड. आई कचरावेचक आहे; ती बोलली तसं मी लिहिते आहे

आधी कुंडीतनं वेचायचे. १९९३ला आमची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे कचरावेचकांची संघटना झाली, २००८पासून 'स्वच्छ' या आमच्या सहकारी संस्थेचं काम सुरू झालं, तेव्हापासून दारोदार जाते. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, तेलाचा कॅन, याला भाव आहे. ते आम्ही सोडतच नाही, मग नदीत जाईल कसं? वेफर्सच्या चकचकीत पुड्यांना मात्र भंगारवाला हात लावत नाही. आत चंदेरी थर, वर प्लास्टिक, ते काही सुटं होत नाही. ओढ्यात बघा, त्याच दिसतील. आणि ताई, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू दे. एवढंसं चिटोरं वेचायचं कुणी? पिशवी विसळून द्या. नासक्या दुधाचा वास दिवसभर हाताला राहतो.

सहकारनगर, शिक्षिका

आमच्याकडे सागरमित्र अभियान चालतं. मुलं घरातलं रिकामं, कोरडं प्लास्टिक साठवून ठरलेल्या दिवशी शाळेत आणतात, ते पुनर्चक्रीकरणाला जातं. पालक सुरुवातीला कुरकुरले, दप्तरात कचरा कशाला म्हणून. आता वाण्याकडे मुलंच आईला विचारतात, छोट्या पुड्यांऐवजी एक मोठा पुडा घेऊ या का.

सिंहगड रोड, वेळासला नेहमी जाणारा

कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२मध्ये कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि गावाने ते काम आपलं मानलं. पिल्लं सोडण्याआधी एक दादा पुळणीवर वाकून चालत होते. तुटक्या जाळ्यांचे हिरवे नायलॉनचे धागे वाळूतून ओढून मुठीत गोळा करत होते. पिल्लाच्या वल्ह्यासारख्या पायात असा एक धागा गुंतला तरी ते पाण्यापर्यंत पोचत नाही. मुंबईत वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी २०१५मध्ये किनारा साफ करायला घेतला, २०१८ला तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. साफसफाईचा काही उपयोग नाही म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

औंध, विसर्जन घाट

निर्माल्य येतं ते गाठ मारलेल्या पिशवीत, आणि तसंच्या तसं पाण्यात जातं. आम्ही निर्माल्य कलशापाशी उभे राहतो. "काका, फुलं इथे, पिशवी परत घरी." काही जण चिडतात, बहुतेक जण ऐकतात. आता बरेच जण कागदात किंवा टोपलीतच आणू लागलेत. संध्याकाळी सहानंतर गर्दी वाढते आणि नेमकी तेव्हाच माणसं कमी पडतात. येऊ शकणाऱ्यांनी कळवा. हातमोजे आमच्याकडे आहेत.