"देवाला वेळ कळते" हे दुसऱ्याला सांगू नका

कोरडवाहू:
काल इथं एका ताईंनी लिहिलं, "पाऊस लांबो, नोकरी लांबो, धीर धरा. देवाला वेळ कळते." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही.

धीर काय असतो ते आमच्याकडं जूनमध्ये कळतं. मृगाची सर येते, शेजाऱ्याची तिफण चालू होते आणि हात शिवशिवतात. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मी खुरप्यानं उकरून बघतो. वर चार बोटं ओल आणि खाली फुफाटा असेल तर बियाण्याची पिशवी घरातच. घाईनं पेरलेलं सोयाबीन उगवतं, पुढच्या उघडिपीत करपतं, मग दुबार पेरणी आणि दुकानदाराची उधारी. माझा धीर ओल बघून येतो. त्याचं श्रेय परस्पर देवाला देऊ नका.

नामाची_ओढ:
दादा, ती पोस्ट माझी. हातावर हात ठेवून बसा असं मी कुठं लिहिलंय? ओल तुम्ही बघता, पाऊस तुम्ही पाडता का? पेरल्यावर उघडीप पडली की आभाळाकडंच बघता ना? मी तेवढ्याच काळाबद्दल बोलले.

माझ्या सासूबाई डायलिसिसवर होत्या. किडनीसाठी यादीत नाव, कागद दिलेले, फोन उशाशी. आणखी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चार-चार तास मशीनला जोडलेल्या असायच्या, सुया टोचलेला हात हलवायचा नाही म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवर जप मोजायच्या. किडनी मिळाली नाही, त्या गेल्या. पण त्या भरवशावर त्यांनी ते दिवस रडत काढले नाहीत. तो भरवसा खोटा होता असं मला कुणी सांगू नये.

पेठेतला_अभ्यासू:
ताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण तुमची पोस्ट आत्यानं मलाच पाठवली. मी पुण्यात स्पर्धा परीक्षा देतो. जाहिरात लांबते, परीक्षा पुढं जाते, निकाल लागला तर नियुक्ती अडकते. वय मात्र थांबत नाही. हा उशीर देवाच्या घरचा नाही, फायलींमधला आहे.

बिनओळखीचा:
देवाच्या घरीही तेच आहे. एका मोठ्या देवस्थानात आईला घेऊन रात्रभर दर्शनाच्या रांगेत, बारीत होतो. तिचे पाय सुजलेले. पहाटे शेजारच्या दारानं कुणी साहेब सहकुटुंब आत गेले. धीर फक्त बारीतल्यांनीच धरायचा का?

माळकरी:
ओळखीनं दर्शन चूकच आहे, त्यात वाद नाही. पण बारी म्हणजे शिक्षा नव्हे. आषाढीला पंढरपुरात बारी गोपाळपूरकडं जाते, तिथंही लोक नाम घेतात. आमच्या घरच्या कितीतरी वाऱ्या नामदेव पायरीला हात लावून, कळस बघून झाल्या. आणि पुंडलिक विसरलात? आईबापाची सेवा चालू होती म्हणून त्यानं देवालाच विटेवर उभं केलं. थांबणं देवानंही केलंय.

मंगळवेढेकर:
पायरीचं नाव काढलंत म्हणून बोलतो. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. आमच्या माणसांना कळस बघून परतावं लागलं ते हौसेनं नाही, आत घेत नव्हते म्हणून. तेव्हाही हेच ऐकवलं जायचं, धीर धरा. नाशिकला काळारामासमोर १९३० साली सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडायचं जाहीर केलं. पंढरपूरचं दार १९४७ मध्ये उघडलं ते साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा.

माळकरी:
प्रत्येक धाग्यात जात आणायलाच हवी का?

मंगळवेढेकर:
मी आणली नाही. पायरीपर्यंत तुम्ही आणलंत, तिथं ती होतीच. अडचण होत असेल तर होऊ द्या.

माळकरी:
बरं. झालं ते पापच होतं, लिहून देतो. पण साने गुरुजी देव मानणारेच होते. उपाशी बसायला लागणारा धीर त्यांना कुठून आला?

मंगळवेढेकर:
श्रद्धेतून आला असेल, मान्य. पण दाराबाहेरच्यांना "थांबा" न सांगता ते स्वतः उपाशी बसले. माझं भांडण तेवढ्यावरच आहे.

कोरडवाहू:
ताई, पेरल्यानंतरचं तुमचं पटलं, तेवढंच. तरी उघडिपीतही आम्ही नुसतं आभाळ बघत नाही. कोळपणी केली, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं वरवर हलवली, की भेगा बुजतात, ओल टिकते. त्या दिवसांत कुणी बांधावर येऊन वेळेचं तत्त्वज्ञान सांगू नये. यायचं तर कोळपं धरायला यावं.

नामाची_ओढ:
येईन की. माहेरी धरलंय. पण जप करत धरीन, तेव्हा हरकत घेऊ नका.

पेठेतला_अभ्यासू:
बारी झाली, पायरी झाली, कोळपणी झाली. वयाच्या अटीवर कुणी बोललंच नाही. परीक्षा सरकारनं लांबवली तर तेवढी वर्षं वाढवून मिळायला हवीत की नकोत, एवढं तरी सांगा.