बालाघाटच्या माळावरचे पक्षी आणि चार गावांची भागीदारी : सुरुवात कुठून करावी?

दूधवाला_बालाघाट

राम राम मंडळी. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात डोंगरपट्ट्यावर आमचं गाव. दूध संकलन केंद्र चालवतो, त्यामुळं आजूबाजूच्या चार गावांत कुणाच्या दावणीला किती जनावरं आहेत आणि कुणाचा कडबा कधी संपतो हे मला तोंडपाठ असतं. पक्ष्यांचा नाद त्यानंतरचा.

आमच्या वरच्या पठारावर झाडी नाही. मुरूम, खडक आणि गवत, बस. बाहेरचा माणूस बघून म्हणतो, "काय उजाड आहे हो!" पण हिवाळ्यात या उजाड माळावर भोवत्या हे शिकारी पक्षी उतरतात. दिवसभर गवतावरून खाली खाली उडत टोळ, उंदीर टिपायचे आणि सांज झाली की उंच गवतात जमिनीवरच मुक्काम. उन्हाळ्यात उघड्या खडीवर धाविक अंडी घालतो, पखुर्डी असते, तितर तर घरचंच. चंडोल इतके की पहिल्या पावसाच्या आसपास माळावर उभं राहिलं की वर बघावं की खाली तेच कळत नाही. मोरांसाठी आमच्याच तालुक्यात नायगावचं अभयारण्य आहे. या माळवाल्यांचं मात्र कुणी नाही.

अडचण अशी की माळ एका गावाचा नाही. तीन गावं आमच्या बाजूची, चौथं नगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात. म्हणजे दोन जिल्हे, दोन वनविभाग, दोन तहसील. जमीन थोडी वनाची, थोडी गायरान, बाकी लोकांची पडीक. दरवर्षी जानेवारीच्या आसपास कुठून तरी वणवा लागतो आणि ज्याच्या हद्दीत लागला तो म्हणतो, "पलीकडून आला."

अमेरिकेत डोंगराळ राज्यांनी पक्ष्यांसाठी अशी एकत्र संस्था केली आहे असं वाचनात आलं. सरकार, शेतकरी, संस्था सगळे एका टेबलावर. आपल्याकडं चार गावांना तसं जमेल का? कागद कुठला लागतो? कुणी केलंय का? (पवनचक्क्यांचा विषय कृपया इथं काढू नका. मला माहीत आहे, महत्त्वाचा आहे, पण तो निघाला की धागा तिकडंच जातो.)

रानफूल

दादा, मस्त विषय! सरळ अभयारण्य मागा ना. सगळे मिळून वनमंत्र्यांना निवेदन द्या. आणि माळ उजाड असेल तर या पावसाळ्यात आमचा ग्रुप रोपं घेऊन यायला तयार आहे. वड, पिंपळ, कडुनिंब, सगळी देशी झाडं.

परळी_ते_बॉयसी

रानफूलताई, रोपं राहू द्या. का ते सांगतो.

मी मूळचा परळीचा, सध्या अमेरिकेत आयडाहो राज्यात पाण्याच्या कामात नोकरी. दूधवाले भाऊ म्हणतायत ती संस्था म्हणजे इंटरमाउंटन वेस्ट जॉइंट व्हेंचर. १९८६ मध्ये बदकांची संख्या फार घटली म्हणून अमेरिका आणि कॅनडाने मिळून एक आराखडा केला, मेक्सिको १९९४ मध्ये त्यात आला. तो आराखडा जमिनीवर उतरवायला प्रदेशवार भागीदाऱ्या झाल्या, त्यातली ही एक, १९९४ ची. एका बाजूला रॉकी पर्वत, दुसऱ्या बाजूला कॅस्केड आणि सिएरा नेवाडा, मधला कोरडा डोंगराळ मुलूख. अकरा राज्यांचे भाग त्यात येतात. संचालक मंडळात सरकारी खात्यांची माणसं आहेत, संस्थांची आहेत आणि गुरं पाळणारे रँचरही आहेत. संस्था जमीन ताब्यात घेत बसत नाही. माणसं, अभ्यास आणि पैसा यांची सांगड घालते. पाणथळ जागांसाठी १९८९ चा एक कायदा आहे, त्यातून अनुदान हवं तर केंद्राच्या एका डॉलरला बाहेरून निदान एक डॉलर उभा करावा लागतो. त्यामुळं भागीदार शोधणं भागच पडतं.

आता झाडांचं. तिथं सेजब्रश नावाच्या खुरट्या झुडपांचा माळ आहे आणि त्यावर सेज ग्राऊस हा पक्षी. याचे नर वसंतात ठरलेल्या मोकळ्या जागी जमून छाती फुगवून नाचतात, आपला माळढोक आठवावा असं. शंभरेक वर्षांत त्या माळावर जुनिपरची झाडं पसरली. झाड आलं की त्यावर शिकारी पक्षी बसतो, मग ग्राऊस तिथं थांबत नाही. पूर्व ओरेगॉनच्या अभ्यासात दिसलं की झाडोऱ्याचं छत्र चार टक्क्यांच्या वर गेलं तिथं नाचाची एकही जागा चालू राहिली नव्हती. चार टक्के म्हणजे आपल्या भाषेत झाडी नाहीच! म्हणून पक्षी वाचवायला तिथं झाडं कापतात, तीही तिथलीच देशी झाडं. आपल्याकडं हे बोललं तर लोक मारायला धावतील. पण बालाघाटच्या माथ्यावर चर खणून गिरिपुष्प लावलेले पट्टे बघा. तिथं धाविक दिसतो का सांगा.

दुसरी गोष्ट गुरांची. २०१० मध्ये तिथल्या कृषी खात्याने सेज ग्राऊससाठी मोहीम काढली आणि ही भागीदारी त्यात मनुष्यबळ देऊन उतरली. रँचरला सांगितलं, गवत चांगलं राहिलं तर गुरंही जगतील आणि पक्षीही. चराईचं वेळापत्रक बदललं, तारेच्या कुंपणांना पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावल्या, कारण पक्षी अंधुक उजेडात तारेवर आदळून मरत. रँचर मनापासून आले, त्याला एक कारण होतं: पक्षी संकटग्रस्त यादीत गेला असता तर जमिनीवर निर्बंध आले असते. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याला यादीत न घालण्याचा निर्णय झाला.

आणि मला सगळ्यात आवडलेलं काम: ओरेगॉन–कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या खोऱ्यांत शेतकरी वैरणीच्या कुरणांना मोकाट पाणी देतात. पाण्याचा हिशेब करणारा माणूस याला नासाडी म्हणेल. पण वसंतात उत्तरेकडं निघालेली तलवार बदकं नेमकी त्या ओल्या कुरणांत चरायला उतरतात. म्हणून भागीदारी तिथं जुनी पाटपद्धत टिकवायला मदत करते. तलवार बदक जायकवाडीला येतं तेच बरं का, फक्त त्यांचे मार्ग वेगळे.

फरकही सांगतो. तिथल्या रँचरकडं हजारो एकर असतात. आपल्याकडं गट नंबर एक, खातेदार सात आणि त्यातले चार पुण्यात.

जुना_वनरक्षक

मी याच भागात वनरक्षक होतो, आता निवृत्त. थोडं सरळ बोलतो.

अभयारण्य मागू नका. सोलापूर–नगरचा इतिहास डोळ्यांसमोर आहे. १९७९ साली माळढोकसाठी जाहीर केलेलं अभयारण्य जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. करमाळा, माढा, कर्जत, श्रीगोंदा, लोकांची शेतं, गावं, बाजारपेठा, सगळं त्यात. जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, साधं बांधकाम करायचं तर अडचण. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढं क्षेत्र घटवून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, पण तोवर मनं विटली होती ती विटलीच. ज्या गावात पक्षी दिसला की लोक लपवतात, तिथं वनरक्षक काय राखणार?

कागद विचारलात म्हणून सांगतो. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन वाटा आल्या. कलम ३६अ, संवर्धन राखीव, सरकारी जमिनीसाठी. येवल्याजवळचं ममदापूर त्यातलं. कलम ३६क म्हणजे समुदाय राखीव, खासगी किंवा सामूहिक जमिनीवर, लोक स्वतःहून पुढं आले तर. त्याच्या समितीत ग्रामपंचायतीचे निदान पाच प्रतिनिधी आणि वनखात्याचा एक. चांगलं आहे. पण एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणून ती शेवटची पायरी. पहिल्याच सभेत कलमं काढलीत तर दुसऱ्या सभेला कुणी येणार नाही.

आधी तलाठ्याकडून चारही गावांचे गटनकाशे घ्या. वन कुठं, गायरान कुठं, खासगी कुठं, तीन रंगांत रंगवा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बहुतेक ठिकाणी कागदावर असते, ती जागी करा. लोक जैवविविधता नोंदवहीत हे माळाचे पक्षी आणि त्यांच्या अंड्यांचा काळ लिहून घ्या. नोंद असली की उद्या कुणी त्या माथ्यावर खड्डे खणायला आलं तर दाखवायला काही तरी हातात राहतं.

आणि मुख्य गोष्ट, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा. खात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून. बालाघाटच्या माथ्यावर गवत त्याच्या कितीतरी आधी वाळून खडखडतं. आणि तेव्हा गावात असतं कोण? पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, निम्मी गावं ऊसतोडीला गेलेली. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसऱ्या-दिवाळीला टोळीबरोबर निघतात ती मार्च-एप्रिलात परततात. मागं म्हातारी माणसं आणि पोरं. ती काय आग विझवणार? म्हणून जे ठरवायचं ते दसऱ्याच्या आत. सभाही आणि गवताची वाटणीही. गवत ऑक्टोबरात, कुसळ धरायच्या आत कापलं तर जनावर खातं. नंतर कुसळी तोंडात टोचते, जनावर तोंड लावत नाही आणि मग कुणी तरी "नवं गवत फुटेल" म्हणून काडी ओढतं. सगळं कापू नका मात्र. भोवत्यांच्या मुक्कामाचा पट्टा उभा ठेवा आणि त्याच्या चहूबाजूंनी कापा. तीच तुमची जाळरेषा, आणि वैरण हाती आली ती वेगळी.

गायरानकर

सगळ्यांचं वाचलं. पक्ष्याला आमचा विरोध नाही, पण एक विचारतो. तीन रंगांच्या नकाशात आम्ही कुठल्या रंगात?

आमच्या आज्यानं गायरानातला खडक फोडून वावर केलं. १९६४ ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात माणसं जेलात गेली, त्याच्या गोष्टी घरात अजून निघतात. सात-बारा अजून नावावर नाही. गावातल्या काही जणांना आमचं वावर कायम डोळ्यात सलतं. कधी शाळा काढायची म्हणतात, कधी सोलर, कधी झाडं लावायची. उद्या पक्ष्याचं नाव पुढं करून आम्हालाच उठवायचं असेल तर ती भागीदारी कसली? तुमच्या त्या अमेरिकेतल्या टेबलावर जमीनवाले बसलेत. बिगर सात-बाराच्या माणसाला खुर्ची हाय का?

अन् एक सांगतो. टिटवीनं माझ्या वावरात अंडी घातली तर आम्ही तेवढी जागा सोडून कुळवाची पाळी घालतो. ते कुठल्या नोंदवहीत नाही.

परळी_ते_बॉयसी

गायरानकर दादा, खरं आहे. तिथंही त्या मुलखाचे मूळ रहिवासी असलेल्या आदिवासी राष्ट्रांना किती जागा मिळते यावर बोलणं होतंच. माझ्याकडं याचं तयार उत्तर नाही.

दूधवाला_बालाघाट

सगळ्यांचे आभार. गायरानकर, तुमचा प्रश्न मी पहिला घेतो. नकाशात चौथा रंग असेल, कसत असलेल्या गायरानाचा, आणि जे वावर आज पेरलं जातंय ते भागीदारीच्या हद्दीबाहेर राहील हे ठरावात पहिल्या कलमात लिहू. सरपंच नाही म्हणाले तर मी ठरावच मांडणार नाही. कसणाऱ्यांपैकी दोघं समितीत हवेत, त्यातली एक बाई.

मला सगळ्यांत पटलं ते गवताचं. २०१९ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात शेकड्यांनी चारा छावण्या लागल्या होत्या, लोकांनी दावणीची जनावरं तिथं नेऊन बांधली. त्या लोकांना "भोवत्या वाचवू या" म्हणालो तर ते माझ्याकडं दूध घालायचे बंद होतील. पण "ऑक्टोबरात चार गावांनी मिळून गवत कापू, वाटून घेऊ, माथ्यावरचा एक पट्टा सोडू" हे केंद्रावर रोज सकाळी बोलता येतं. माणसं कॅन घेऊन रांगेत उभीच असतात. पक्ष्यांच्या अभ्यासाचं माझं मी बघतो.

जामखेडच्या बाजूच्या गावाशी बोलणं सोपं जाईल, अर्धे पाहुणे तिकडचेच. अडणार आहे ते खात्यात, कारण आमचा वनपाल वेगळा, त्यांचा वेगळा. काका, दोघांना एकाच दिवशी माळावर आणायचं तर अर्ज कुणाच्या नावे करू?

जुना_वनरक्षक

दोन्हीकडच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना वेगवेगळा अर्ज, मजकूर तोच, आणि प्रत्येकाची प्रत दुसऱ्याला. वर दोन्ही उपवनसंरक्षकांना माहितीसाठी. चारही ग्रामपंचायतींचे ठराव जोडा, नुसत्या सह्यांवर जाऊ नका. तारीख पोळ्यानंतरची मागा. त्या दिवसांत गवत गुडघ्याच्या वर असतं, साहेबांना माळ उजाड वाटणार नाही.

गायरानकर

ठरावाचा मसुदा आधी इथं टाका. पहिलं कलम वाचून मगच सभेला येईन.

दूधवाला_बालाघाट

रविवारी टाकतो. अजून एक, ज्यांचे मेंढपाळ पाहुणे किंवा ओळखीचे आहेत त्यांनी विचारून सांगा: कळप या माथ्यावरून कोणत्या महिन्यात जातात आणि कुठं बसतात? त्यांना न विचारता पट्टा ठरवला तर तो पहिल्याच वर्षी चरून जाईल, आणि बोलायला आपल्याला तोंड राहणार नाही.