पोषण योजनांमधे बाई म्हणजे फक्त गरोदर बाईच का?

शेवंता_७: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) चाळत होते, १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया (अंगात रक्त कमी), पुरुषांत २५. आणि पोषण अभियानात बघावं तर गरोदर, स्तनदा नाहीतर किशोरी. मग चाळिशीची ऊसतोड करणारी बाई कुठं बसते यात?

रानवाट: कुठंच नाही. आणि जिला मिळतं तिच्या तरी पोटात कुठं जातं, अंगणवाडीतून घरी नेलेलं आहाराचं पाकीट सगळ्यांत वाटलं जातं, सासरे नवरा पोरं जेवली की उरलंसुरलं हिचं. म्हणून आदिवासी भागातली अमृत आहार योजना पटते, अंगणवाडीतच बसून गरम जेवायचं, ताट निदान तिच्या पुढ्यात तरी येतं ना.

आबा_लातूरकर: अगदीच कुठंच नाही असं नाही हं, ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी मोहिमेत (२०१८) गरोदर नसलेल्या २० ते ४९ च्या बायकांनाही आठवड्याला लोहाची एक लाल गोळी आहे. निळी तर किशोरवयीन पोरांनाही, फक्त मुलींनाच नाही.

शेवंता_७: कागदावर आहे हो आबा, पण फडावर गोळी आणून देणार कोण? आणि नुसत्या चहावर राबणारीला ती गोळी पचणार कशी, मळमळलं की दिली फेकून.